मागचं किती हाय?

वाफेचं इंजिन चालवायचा कॉम्प्युटर गेम कुणी ब्रेकसाठी घेत नाही. घेतात ते शिट्टीसाठी, धुरासाठी, आणि चाकांना जोडलेल्या त्या दांड्यांची लय बघत बसण्यासाठी. माझंही तेच होतं. रेल्वेचं कौतुक म्हटलं की आपल्याकडे सगळं जोराचंच कौतुक: किती डबे ओढते, चढ कसा काढते. गाडी थांबते कशी, हा प्रश्न ती थांबली नाही तरच पडतो.

गेममध्ये तो पहिल्याच स्टेशनावर पडतो. नवशिका माणूस मोटारीच्या सवयीनं वागतो. फलाट दिसला की ब्रेक लावतो, काही होत नाही. आणखी लावतो, तरी काही नाही. मग पूर्ण लावतो, आणि मग एकदम सगळंच होतं. गाडी फलाटाच्या कितीतरी अलीकडे खुंटा मारल्यागत उभी. नाहीतर मध्येच घाबरून ब्रेक सोडतो आणि अख्खा फलाट खिडकीतून मागे सरकताना बघतो. दोन्हीचं मूळ एकच. हात हलल्यापासून चाक धरेपर्यंत जो वेळ जातो तो त्याच्या हिशोबात नसतो.

मी वापरते तो ओपन रेल्स. फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टनं २००१ साली ट्रेन सिम्युलेटर काढला होता, त्याच्यासाठी जगभरातल्या हौशी मंडळींनी तयार केलेले मार्ग आणि इंजिनं यात चालतात. त्या जुन्या गेमबरोबर उत्तर इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल हा मार्ग यायचा आणि त्यावर फ्लाइंग स्कॉट्समन. डॉनकास्टरच्या कारखान्यात १९२३ साली बनलेलं हे इंजिन टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, दीडशे टनांच्या वर भरतं. बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ बसून ते हाकायचं यात थोडी गंमत आहेच, पण तिकडचा पाऊस अगदी खानापूरकडच्या पावसासारखा, आडवा. त्यामुळे परकं काही वाटत नाही.

त्या मार्गावर शंभराला एक असा चढ मैलोन्‌मैल आहे. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, मग ब्ली मूरचा बोगदा, आणि पुढे ऐस गिलचा माथा, समुद्रसपाटीपासून ११६९ फुटांवर. तिथवर जाताना सगळी धडपड वाफेची. माथा ओलांडला की पलीकडे पुन्हा तेवढाच उतार, आणि त्या उतारावरच कर्बी स्टीफनचं स्टेशन. खरा अभ्यास त्या स्टेशनात होतो. सपाटीवर गाडी चुकूनही थांबते, उतारावर मात्र ती थांबवावीच लागते.

आमच्या लहानपणी बेळगाव-लोंढा मीटरगेज होतं. कुणी साखळी ओढली की डब्याच्या टोकाकडून फुस्स असा लांबलचक आवाज यायचा आणि गाडी रडतखडत उभी राहायची. आम्हा पोरांची ठाम समजूत होती की साखळी ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा वाजते. तसं काही नव्हतं. साखळी ड्रायव्हरला विचारायला जातच नव्हती, ती थेट ब्रेकच लावायची. तो फुस्स म्हणजे बाहेरची हवा पाइपात शिरल्याचा आवाज.

व्हॅक्यूम ब्रेकचं सगळं तंत्र त्या आवाजात आहे. पूर्ण गाडीखालून एक पाइप जातो. इंजिनावरचा इजेक्टर वाफेच्या झोतानं त्या पाइपातली हवा खेचून काढतो, आणि किती निघाली ते समोरचं घड्याळ इंचांत दाखवतं. वातावरणाचा सगळा दाब पाऱ्याच्या ३० इंचांएवढा. तेवढी पोकळी कुठल्याच इंजिनाला जमत नाही, २१ इंचांवर काम चालतं. प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर आणि त्यात दट्ट्या. वर आणि खाली सारखीच पोकळी आहे तोवर दट्ट्या आपल्याच वजनानं खाली बसून राहतो, ब्रेक सुटलेला असतो. ड्रायव्हरनं पाइपात हवा घेतली की ती दट्ट्याच्या खालच्या अंगाला शिरते. वरच्या अंगाला जायची वाट एक छोटी गोळी बंद करून टाकते, म्हणून वर पोकळी तशीच राहते. मग खालची हवा दट्ट्या उचलते आणि बिडाचे ठोकळे चाकांना जाऊन लागतात.

आता यात खर्च कुठं आहे ते बघा. ब्रेक लावायला काहीच लागत नाही, बाहेरची हवा फुकट आहे. खर्च आहे तो सोडायला. शिरलेली हवा पुन्हा उपसायची तर इजेक्टरला वाफ पाहिजे, वाफेला पाणी पाहिजे, पाण्याखाली आग पाहिजे. आग मंदावलेली आणि बॉयलरचं प्रेशर उतरलेलं असेल तर ब्रेक सुटायलाही वेळ लागतो. मोटारीत पाय उचलला की विषय संपतो. इथं उचललेला पाय चाकापर्यंत पोचायला कोळसा जळावा लागतो. हे कळल्यापासून मी ब्रेक लावायचं फारसं शिकत बसलेच नाही. सोडायचं शिकत गेले.

याचं श्रेय थोडंसं माझ्या मामांना. ते लोंढ्याला रेल्वेत होते, वायजी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन, पुढे ड्रायव्हर. आता बेळगावातच मुलाकडे असतात आणि संध्याकाळी चहाला आमच्याकडे डोकावतात. एकदा मागं उभे राहून म्हणाले, "काय करालीस गं?" मी दाखवलं. मला वाटलं इंजिन बघून खूश होतील, तो पूल बघतील. त्यांनी ना वेग बघितला ना पूल. चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं आणि विचारलं, "मागचं किती हाय?"

ओपन रेल्समध्ये एफ-पाच आणि मग शिफ्ट-एफ-पाच दाबत गेलं की आकड्यांचे तक्ते उघडतात, त्यात एक ब्रेकचा. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रत्येकाच्या पाइपात किती पोकळी आहे ते एकाखाली एक मांडलेलं असतं. मी तोवर तो तक्ता उघडत नव्हते, कारण समोर इंजिनाचं घड्याळ होतंच की. मामांनी तो उघडायला लावला. मी ब्रेक सोडला. इंजिनाचा आकडा वर चढत २१ला पोचला. पहिल्या डब्याचा त्याच्यामागून, दुसऱ्याचा त्याच्यामागून, आणि तळाच्या ओळीतला आकडा अजून १५-१६च्या आसपास रेंगाळत होता. तेवढ्यात मी रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाला वाफ देणारा दांडा, उघडायला हात नेला तर मामा म्हणाले, "अगं थांब की. मागचे डबे अजून धरून बसलेत. तू वढशील, ते सोडणार न्हाईत. मग काय होतंय?"

काय होतंय ते मला गेमनं आधीच दाखवलं होतं, कारण माहीत नव्हतं एवढंच. डबे जोडणारं कपलिंग तुटतं. पुढचा भाग मोकळा झालेला, मागचा ब्रेकमध्ये अडकलेला, मध्ये ओढाताण. मामांच्या काळी शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये गार्डासमोर दुसरं घड्याळ असायचं. गाडी निघण्याआधी त्या घड्याळात पुरेशी पोकळी आली की नाही हे बघितलं जाई, कारण लांब गाडीत सांध्यासांध्यातून थोडी थोडी हवा शिरतच असते आणि मागं पोचेपर्यंत इंजिनावरचे इंच घटलेले असतात. तुमच्यासमोरचा आकडा खरा असतो, पण तो फक्त तुमच्या डब्याचा. गाडी किती सुटली ते शेवटचा डबा सांगतो.

लावतानाही हाच उलटा प्रकार. हवा इंजिनाच्या टोकाकडून शिरते, म्हणून पुढचे डबे आधी आवळतात आणि मागचे अजून पहिल्याच वेगात येत असतात. ते पुढच्यांवर येऊन आदळतात. ज्यानं तवंदी घाटात उसाची डबल ट्रॉली उतरताना बघितली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. निपाणीच्या अलीकडे तो उतार लागला की ट्रॅक्टरवाला पाठीचा ताठा सोडत नाही. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर, आणि मागून दोन ट्रॉल्या भरून ऊस ढकलत असतो. शहाणा ट्रॅक्टरवाला माथ्यावरच गिअर खाली टाकतो, उताराच्या मध्यावर नाही. जोरात ब्रेक मारला तर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. ती बाजूनं पुढं यायला बघते. फरक एवढाच की रेल्वेच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक आहे, फक्त तो जागा व्हायला वेळ लागतो.

प्रत्येक डब्याला ब्रेक, आणि तोही आपोआप लागणारा, ही गोष्ट सहज आलेली नाही. आयर्लंडमध्ये आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या मुलाबाळांची गाडी चढावर अडकली. तिच्या ब्रेकमध्येही पोकळीच वापरलेली होती, पण उलट्या रीतीनं: ब्रेक लावण्यासाठी पोकळी तयार करायची. गाडीचे दोन तुकडे करून पुढचा भाग आधी माथ्यावर न्यायचं ठरलं. तुकडे केले त्या क्षणी मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. राहिला फक्त ब्रेकव्हॅनचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागं सरकला, तेवढा धक्का पुरला. मागचे डबे उतारानं सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. पाइप तुटला तर ब्रेक सुटणार नाही, लागेल, अशी रचना. आमच्या लहानपणीची ती साखळीसुद्धा याच रचनेच्या जिवावर चालायची.

आता फलाटावर गाडी उभी करण्याची गोष्ट, कारण कौशल्य म्हणून दाखवण्यासारखं तेवढंच असतं. बिडाच्या ठोकळ्यांचा एक स्वभाव आहे. वेग जास्त असताना ते कमी धरतात, आणि वेग उतरत गेला की त्यांची पकड आपोआप वाढत जाते. कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी १८७८च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या साथीनं धावत्या गाडीवर प्रयोग करून हे मोजून दाखवलं. हातानं काहीही न बदलता ब्रेक वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शेवटच्या पन्नास-साठ मीटरांत होतं ते नेमकं हेच. ओपन रेल्समध्ये वेगाप्रमाणे बदलणारं हे घर्षण घालता येतं, आणि ज्यानं इंजिन बनवताना ते नीट घातलंय त्याचं इंजिन चालवायला मजा येते. कर्बी स्टीफनला येताना मी लांबूनच पाच-सहा इंच पाडते आणि हात काढून घेते. घड्याळाकडे न बघता दगडी पुलांकडे बघते. वेग उतरायला लागला की एक-दोन इंच परत देते. फलाटाचं टोक आलं की आणखी थोडं. गाडी थांबते तेव्हा ब्रेक जवळजवळ सुटलेला असतो, उतारावर धरून ठेवण्यापुरता उरलेला. चहाचा कप सांडू नये असं थांबणं यालाच म्हणतात, आणि ते लावण्यानं येत नाही.

हे इंच-इंच परत देणं फक्त व्हॅक्यूमला जमतं असं मामांचं म्हणणं, आणि जुन्या काळापुरतं ते खरं आहे. वेस्टिंगहाउस यांचा १८७२चा आपोआप लागणारा एअर ब्रेक जास्त ताकदीचा, लांब गाडीला जास्त चांगला. आज आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे एअर ब्रेकच आहे, पाइपात पाच किलोचा दाब. पण डब्याखाली ब्रेक लावणारी-सोडणारी जी झडप असते, त्या जुन्या ट्रिपल व्हॉल्व्हला अर्धवट सोडणं माहीत नव्हतं. सोडला म्हणजे पूर्ण सुटला. पुन्हा लावायचा तर प्रत्येक डब्याखालची हवेची टाकी आधी भरायला पाहिजे. अमेरिकन मालगाडी आणि वाफेचं मिकाडो इंजिन घेऊन डोंगर उतरायला बसलं की हे फार लवकर अंगाशी येतं. लावला, सोडला, लावला, सोडला, असं करत गेलं तर टाक्यांतला दाब दर वेळी थोडा उतरतो आणि डोंगराच्या मध्यावर दांडा ओढला तरी चाकं ऐकेनाशी होतात. म्हणून तिकडे माथ्यावर गाडी उभी करून ब्रेकमन एकेका डब्याची रिटेनर नावाची झडप हातानं फिरवत जायचे, म्हणजे सोडल्यावरही सिलिंडरात थोडा दाब शिल्लक राही. गेममध्ये एक कळ दाबून काम होतं. बर्फात डब्यांवरून चालत जाणारी माणसं दिसत नाहीत.

मामांचा घाट म्हणजे कॅसलरॉक ते कुळे. लोंढ्याहून तिनईघाट करत कॅसलरॉक, आणि तिथून पुढं ३७ला एक असा उतार, सुमारे २६ किलोमीटर, मध्ये दूधसागर. पोर्तुगीज राजवटीतल्या मुरगाव बंदरासाठी १८८०च्या दशकात हा मार्ग बांधला गेला. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. आम्ही दूधसागर बघायला खिडकीत बसायचो, आणि गाडी कॅसलरॉकला इतका वेळ का थांबते म्हणून आई वैतागायची. आता हिशोब केला की कळतं. सोपा आकडा धरून हजार टनांची गाडी घेतली तर ३७ला एकच्या उतारावर ती दर किलोमीटरला २७ मीटर खाली येते. वेग अजिबात वाढू द्यायचा नसेल तर त्या एका किलोमीटरात सुमारे ७४ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठंतरी जिरवायला पाहिजे. वाफेच्या इंजिनात ती परत घ्यायची सोय नाही. ती सगळी ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन जाते. बिडाचा वास यायचा घाटात, आम्हाला वाटायचं इंजिनाचाच वास.

त्यात वाफेच्या इंजिनाचं आणखी एक दुखणं असतं, जे डिझेलवाल्यांना ठाऊकच नाही. चढावर इंजिनाचं तोंड वर असतं, म्हणून बॉयलरमधलं पाणी मागं, आगीच्या पेटीकडे जमतं. माथा ओलांडून तोंड खाली झालं की पाणी पुढं धावतं आणि पेटीच्या वरचा पत्रा उघडा पडू शकतो. तो पत्रा पाण्याखालीच पाहिजे, नाहीतर वितळायची-फुटायची वेळ येते. जोरात ब्रेक लावला तरी पाणी पुढंच धावतं. म्हणजे माथ्यावर पोचताना ड्रायव्हरच्या डोक्यात उतार असतो आणि फायरमनच्या डोक्यात पाणी, आणि चढ संपण्याआधीच इंजेक्टरनं, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्रानं, बॉयलर भरलेला पाहिजे, तेही प्रेशर पडू न देता, कारण ब्रेक सोडायला वाफ लागणार आहे. मामा म्हणतात, कॅसलरॉक यायच्या आधी ड्रायव्हर-फायरमन एकमेकांशी बोलत नसत. "बोलायचं काय त्यात? दोघांचं बी डोळं पाण्याच्या काचेकडं."

गेमला न जमणारी गोष्ट मामांनी एका वाक्यात सांगितली. "हितं बूड हलत न्हाई." मागचे डबे येऊन टेकले की खऱ्या इंजिनात तो धक्का आधी कंबरेला कळतो, घड्याळाला नंतर. ठोकळे तापले की आवाज बदलतो. ड्रायव्हर निम्मा ब्रेक कंबरेनं आणि कानानं लावतो. माझ्याकडे त्या जागी आकड्यांचा तक्ता आहे, जो त्यांना कधीच मिळाला नव्हता: प्रत्येक डब्याचा हिशोब, ताजा, एकाखाली एक. मला कंबर नाही, त्यांना तक्ता नव्हता. कुणाचं बरं, यावर आमचं एकमत होत नाही. ते म्हणतात तक्ता बघून गाडी चालवणारा माणूस पुढं रूळ कधी बघणार. मी म्हणते त्यांनीच तर तो तक्ता उघडायला लावला.

गेटवर उभी असताना आता मी गाडी आत येताना ऐकते. देसूरकडून येणारी गाडी तिसऱ्या गेटच्या अलीकडेच धरलेली असते, दुसऱ्या गेटपाशी ड्रायव्हर थोडी सोडतो, पहिल्यापर्यंत पुन्हा हलकेच धरतो. काही जण तिसऱ्या गेटपासून स्टेशनपर्यंत एकदाच लावून एकदाच सोडतात. ते बहुधा जुने असावेत. स्कूटरवाले आजूबाजूला हॉर्न वाजवत असतात, त्यांना गेट कधी उघडतंय एवढंच हवं असतं.

सध्या मी जुनी ब्रिटिश कोळशाची मालगाडी शिकतेय. तिच्या वाघिणींना सलग ब्रेकच नाही. चालत्या गाडीत लावता येणारा ब्रेक फक्त इंजिनाला, टेंडरला आणि शेवटच्या गार्डाच्या डब्याला. मधल्या वाघिणी सैल साखळ्यांनी जोडलेल्या. मोठा उतार आला की माथ्यावर थांबायचं, गार्डानं खाली उतरून काही वाघिणींचे हातब्रेक दांड्यानं दाबून ठेवायचे, मग उतरायचं, आणि खाली पोचल्यावर पुन्हा थांबून ते सोडायचे. मामांना हा प्रकार अजिबात पसंत नाही. असली गाडी रुळावर आणणाऱ्या माणसाला कामावर कुणी ठेवलं, असं त्यांचं म्हणणं आहे. तरी परवा त्यांनी मला विचारलंच, किती वाघिणींचे दाबलेस. मी आकडा सांगितला. त्यांनी थोडा वेळ हिशोब केला आणि म्हणाले, "अजून चार दाब. आणि माथ्यावरच दाब, खाली गेल्यावर न्हाई."